बुडालेल्या गावातलं घर नकाशात सापडेल का?

एका वाचक ताईंच्या पत्राचा गोषवारा असा : वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन चार महिन्यांवर आलंय. त्यांचं गाव भीमेच्या काठी, इंदापूर तालुक्यात होतं. ते उजनी धरणात गेलं. जुन्या गावाचा नकाशा मिळवून त्यावर आपल्या घराची खूण करावी आणि तो मढवून वडिलांना द्यावा, असं ताईंच्या मनात आलं. मोबाइलवर गावाचं नाव टाकलं तर खूण नदीपासून लांब, भलतीकडेच उमटते. भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणली तर त्यात एकही घर नाही, नुसते शेतांचे नंबर. वडील म्हणतात घराचं तोंड नदीकडे होतं, काका म्हणतात वेशीकडे. ‘आपण मूळचे पलीकडच्या तीरावरचे’ असंही घरात बोललं जातं. त्यातच नकलेसाठी अर्ज केल्याचं कळल्यावर चुलतभावाचा फोन आला, ‘ताई, हिस्सा काढायचा विचार आहे का?’ ताई विचारतात : चुकीची खूण असलेला नकाशा देण्यापेक्षा सरळ शाल-श्रीफळ द्यावं का? की योग्य नकाशा अजून कुठे मिळतो?

प्रिय ताई,

तुमच्या चुलतभावाचा फोन आधी घेते. बाकीचं सगळं कागदांचं काम आहे, पण पत्रातला खरा काटा तिथे रुतलाय.

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आपल्याकडे गावचा जुना कागद कोणी मागितला की तो कशासाठी, हे विचारायच्या आधीच ठरलेलं असतं. मुंबई-पुण्याची बहीण अचानक भूमि अभिलेखच्या खिडकीवर उभी राहते, तेव्हा गावाकडच्या माणसाच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. त्यातून तुमचं गाव धरणात गेलेलं. भूसंपादनाचा मोबदला, पुनर्वसनाची जमीन, कोणाच्या नावावर किती मिळाली आणि कोणाची राहिली, हे विषय अशा गावांत चाळीस-पन्नास वर्षांनीही ओले असतात. त्याला कायदा समजावत बसू नका. नक्कल काढल्याने कोणाचं नाव चढत नाही, त्यासाठी वारसनोंद किंवा दस्त लागतो, फेरफार लागतो, नोटीस निघते. हे त्यालाही माहीत असणार. त्याला हवाय तो विश्वास. म्हणून तुमच्या हातातली नक्कल आजच त्याच्या मोबाइलवर पाठवा आणि लिहा, ‘यात आपलं घर कुठे असेल, तुला काही आठवतंय का? आत्याला विचारशील?’ पुढच्या प्रत्येक कागदाची एक प्रत त्याच्याकडे जाऊ दे. जुना सातबारा किंवा फेरफार काढायची वेळ आली तर त्याला सांगून काढा, जमलं तर बरोबर घेऊन जा. तरीही तो अडून बसला, तर तेवढे कागद सोडून द्या. वडिलांना द्यायच्या भेटीसाठी ते लागत नाहीत, हे पुढे कळेलच.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ‘योग्य नकाशा अजून कुठे मिळतो?’ असं तुम्ही विचारता, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : कोणीतरी, कधीतरी, तुमचं गाव घरांसकट काढून ठेवलंय आणि ते फक्त शोधायचं राहिलंय. पण नकाशा कोणीतरी कशासाठी तरी काढतो, आणि त्याला जे नको असतं ते त्यात येत नाही. तुमच्या हातातल्या गावनकाशाचा उगम तर तुमच्याच तालुक्यातला आहे. मुंबई इलाख्यातली शेतवार मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये सुरू केली ती इंदापूर तालुक्यात. आधीची प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी आणि सारा रयतेला झेपेना, गावं ओस पडायला लागली, म्हणून हा नवा घाट घातला होता. शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, जमिनीची प्रत लावायची, सारा ठरवायचा. सारा शेतावर होता, म्हणून शेत मोजलं गेलं. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून मोजणीदाराने गावठाणाची बाहेरची हद्द काढली आणि आतला भाग कोरा ठेवला. नकाशात तुम्हाला दिसतोय तो मोकळा तुकडा म्हणजेच तुमचं गाव. त्यात आळ्या, वाडे, पार, तालीम, सगळं होतं. साऱ्याच्या हिशेबात ते बसत नव्हतं, एवढंच.

तेव्हा नक्कल चुकीची नाही, आणि वायाही गेलेली नाही. गावठाण किती मोठं होतं, नदीपासून किती लांब होतं, कुठले रस्ते त्यात शिरत होते, ओढा कुठून येत होता, शिवेला कोणती गावं होती, हे तिच्यातून कळतं. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं असेल ते बघा. ‘एक इंचास २० साखळ्या’ असं असेल, तर मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे नकाशातला इंच ६६० फुटांचा. (गुंठाही तिथूनच आलाय. साखळीभर लांब, साखळीभर रुंद, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर.) पट्टी घेऊन गावठाण ते नदी अंतर मोजा आणि वडिलांना सहज विचारा, ‘नदी किती लांब होती?’ ते म्हणतील, ‘ही काय, हाकेच्या अंतरावर.’ हाक आणि फूट जुळतात का ते मग तुम्हाला कळेल.

एक सावधगिरी मात्र आताच सांगते. वडिलांना नकाशा अजून दाखवला नसेल, तर दाखवू नका. आधी त्यांना कोऱ्या कागदावर काढू द्या. एकदा छापील रेषा डोळ्यांसमोर आल्या की माणूस आठवणी त्या रेषांवर बेतायला लागतो, आणि ते त्याला कळतही नाही. काकांचंही तसंच. दोघांना वेगवेगळे बसवा, एका खोलीत नको. ‘घर कुठे होतं?’ असं विचारू नका. त्याचं ठरलेलं उत्तर आहे, आणि त्यावर भांडणही ठरलेलं आहे. ‘शाळा सुटली की घरी कसे यायचात?’ असं विचारा. मग ते पायाने आठवतात : मारुतीपासून खाली, डाव्या हाताला सुताराचं घर, पुढे आड, आडापाशी चिखल असायचा, तिथून वर. हे बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. दिशा हवी असेल तर पूर्व-पश्चिम विचारून उपयोग नाही. ‘सकाळी शाळेत जाताना ऊन तोंडावर यायचं की पाठीवर?’ असं विचारा. ऐंशी वर्षांच्या माणसालासुद्धा हे चटकन सांगता येतं, कारण डोळे बारीक केलेले अंगाला आठवतात. पुराचं विचारा. नदीला पाणी आलं की कोणाच्या घरापर्यंत आधी पोचायचं? उंच-सखल त्यातून उलगडतं.

आणि तोंड नदीकडे की वेशीकडे, या वादात दोघांपैकी एक चुकतोय असं तुम्ही धरून चाललाय. कशावरून? मोठ्या घराला दोन दारं असतात. भावाभावांत वाटणी झाली की मधे भिंत पडते आणि मागच्याचं पुढचं दार होतं. वडील आणि काका यांच्यात वयाचं अंतर किती आहे? दहा-बारा वर्षांचं असेल तर मधल्या काळात दार बदललं असेल, पडवी पडली असेल, माळवद जाऊन पत्रे आले असतील. घर तेच, आठवण दोन वेगवेगळ्या सालांची. मी तुमच्या जागी असते तर वाद मिटवायच्या आधी दोघांना विचारलं असतं, ‘हे तुम्ही कितवीत असतानाचं?’

आता त्या कोऱ्या गावठाणात घर कुठल्या कागदाने बसवायचं? इथे मला तुमच्याशी जरा कडू बोलायचंय. तुमचं घर सरकारने बारकाईने पाहिलं असेल, तर ते घ्यायच्या वेळी. धरणासाठी भूसंपादन होतं तेव्हा शेतांबरोबर घरांचीही मोजदाद होते : लांबी-रुंदी, भिंती दगडाच्या की मातीच्या, लाकूड किती, छप्पर कसलं, आणि त्यावरून मूल्यांकन. हे सगळं भूसंपादनाच्या निवाड्यात आणि त्याला जोडलेल्या पत्रकांत असतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन आणि पुनर्वसन शाखांत अर्ज करा. अर्जात गावाचं नाव, तालुका, प्रकल्पाचं नाव आणि आजोबांचं पूर्ण नाव लिहा. साधा अर्ज पडून राहिला तर माहितीच्या अधिकारात करा. जुन्या ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा नमुना ८ पुनर्वसित गावाच्या ग्रामपंचायतीत असू शकतो. त्यात घरं क्रमाने लिहिलेली असतात, आणि तो क्रम बहुतेकदा आळीतून चालत गेल्यासारखाच असतो. आजोबांच्या नावाच्या वरची आणि खालची दोन नावं म्हणजे बहुतेक शेजारी.

आणि खरेदीखतं. आमच्या एका वाचकाने केलेला प्रयोग सांगते, मला तो फार आवडला होता. त्याच्याकडे नकाशा असा काहीच नव्हता, होती ती घरातल्या ट्रंकेत निघालेली तीन जुनी खतं, दोन मराठीत आणि एक मोडीत. प्रत्येक खतात चतुःसीमा असते : पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस तमक्याची पडीक जागा, उत्तरेस बोळ. त्याने पुठ्ठ्याचे चौकोन कापले, प्रत्येकावर एक नाव लिहिलं, आणि सीमा वाचत टेबलावर मांडत गेला. एका खतातला पूर्वेचा शेजारी दुसऱ्या खतात स्वतः मालक निघाला, मग दोन्ही चौकोन चिकटले. तासाभरात अर्धी आळी उभी राहिली. तुमच्याकडे खतं नसतील तर भाऊबंदांकडे, शेजाऱ्यांकडे विचारा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेल्या दस्तांच्या नकला मिळतात, पण तिथे साल आणि नाव माहीत असावं लागतं, नाहीतर हेलपाटे. मोडी असेल तर वाचणारे शोधा. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, आणि शिकणाऱ्या मुलांना सरावाला कागद हवेच असतात.

मोबाइलवरच्या खुणेचं कोडं सोपं आहे. गाव उठलं तेव्हा नावही माणसांबरोबर वर आलं. तुमच्या भागातल्या पळसदेवचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. आजचं पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, आणि जुनं, पळसनाथाच्या देवळाचं, जलाशयात. पाणी खूप उतरलं की शिखराखालचं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. मोबाइलला फक्त आजचं नाव ठाऊक असतं. तुम्हाला हवा आहे तो धरणाआधीचा कागद. उजनीचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. त्याआधी मोजलेली कुठलीही शीट (नकाशाचा सुटा कागद) चालेल, त्यानंतर मोजलेली चालणार नाही, मग ती कितीही स्वच्छ छापलेली असो. तेव्हा नकाशा हातात आला की गावाचं नाव शोधायच्या आधी समासात मोजणीचं साल बघा. छपाईचं साल नव्हे. १९८५ ची छपाई आणि त्यामागची मोजणी पन्नास वर्षांपूर्वीची, असं सहज असतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटमध्ये (डोंगर, नद्या, गावं दाखवणाऱ्या सरकारी नकाशांत) तुमचा पट्टा ‘४७ जे’ या भागात येतो आणि इंदापूर शहराशी ‘४७ एन’ लागतो. जुन्या शीट एक इंचाला एक मैल, नव्या १:५०,००० प्रमाणाच्या. नव्या शीट विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून फुकट उतरवता येतात, पण त्यात तुमच्या गावाच्या जागी निळा रंग असणार. जुन्यांसाठी जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या भूगोल विभागात जा. तिथल्या कपाटात शीटची भेंडोळी असतात, आणि भूगोलाचे मास्तर अशा कामात हमखास रमतात. घरबसल्या बघायचं तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली भारताची १:२,५०,००० प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाने सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवली आहे. त्यात गाव म्हणजे ठिपका असेल, पण नदी धरणाआधीची, वळणावळणाची दिसेल, आणि गाव कुठल्या वळणावर होतं ते कळेल. गावाचं नाव इंग्रजी कानांनी ऐकलेलं असेल. ‘पुणे’चं ‘पूना’ करणाऱ्यांनी तुमच्या गावाचं काय केलं असेल ते जिभेवर घोळवून बघा. ‘व’चा ‘डब्ल्यू’, ‘ळ’चा ‘एल’, शेवटचा ‘गाव’ कधी गायब.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र आकाशातून आलेली आहे. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेचे ‘कोरोना’ नावाचे हेर उपग्रह जगाचे फोटो काढत होते. फिल्मची डबी पॅराशूटने खाली यायची आणि विमानाने ती हवेतच झेलायची, असा तो कारभार. हे फोटो १९९५ मध्ये खुले झाले, आठ लाखांहून जास्त आहेत, आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नकाशावर चौकट आखून शोधता येतात. शेवटच्या कॅमेऱ्यांत साधारण दोन मीटरपर्यंतचं दिसतं. तुमच्या पट्ट्यावरचा ढग नसलेला फोटो निघाला, तर गावठाणाचा तो कोरा तुकडा पहिल्यांदा भरलेला दिसेल : घरांचा पुंजका, मधला रस्ता, नदीकडे उतरणारी वाट. माणसं दिसणार नाहीत आणि दारं कुठल्या बाजूला ते कळणार नाही. पण मोठ्या वाड्याचा चौक काळ्या ठिपक्यासारखा दिसू शकतो.

ही चित्रं एकमेकांवर बसवायला गुगल अर्थमध्ये चित्र पसरवायची सोय आहे. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, संध्याकाळभराचं काम. अडचण एकच येते. साधारणपणे जुळवायला आपण नदीचं वळण किंवा देऊळ धरतो, आणि तुमच्याकडे ते दोन्ही पाण्यात आहे. म्हणून पाण्याबाहेर राहिलेल्या खुणा घ्या : टेकडीचा माथा, पाण्याच्या वर राहिलेला जुना रस्त्यांचा तिठा, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड. किमान चार, आणि चारही एका बाजूला नकोत. जुन्या आणि नव्या नकाशांत पृथ्वीचा आकार वेगळा धरलेला आहे, त्यामुळे अक्षांश-रेखांश आकडे जसेच्या तसे टाकले तर गाव काही शेकडो फूट सरकतं. गावठाण केवढं असतं? तेवढ्याने घर थेट नदीच्या पात्रात जाऊन बसायचं. आकड्यांपेक्षा खुणांवर भरवसा ठेवा.

‘मूळचे पलीकडच्या तीरावरचे’ हे प्रकरण या चार महिन्यांत उघडू नका, असा माझा सल्ला. खोटं आहे म्हणून नव्हे, मोठं आहे म्हणून. पलीकडचा तीर म्हणजे जिल्हाच वेगळा. करमाळा असेल तर सोलापूर, कर्जत असेल तर अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर. दप्तर वेगळं, कार्यालय वेगळं. शिवाय ‘मूळचे’ म्हणजे कधीचे? माणसं दुष्काळात उठली, १८७६-७७ सारख्या मोठ्या दुष्काळात तर तुमचा सगळा पट्टा होरपळला होता. लग्नाने, वतनाने, भांडणाने उठली. ‘कर’ लावलेल्या आडनावावरूनही ‘तेच आपलं मूळ गाव’ असं म्हणणारे रोज भेटतात. पण गावात राहणाऱ्याला कोणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. ते नाव गाव सोडल्यावर, दुसऱ्या ठिकाणी चिकटतं. म्हणजे आडनाव सांगतं ते शेवटचा मुक्काम, पहिला नव्हे. सवडीने शोधायचं झालं तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. आजोबा-पणजोबा यात्रेला गेले असतील तर त्यांनी स्वतः सांगितलेलं गाव तिथे लिहिलेलं असतं. त्या गावाच्या नावाची दोन-तीन गावं निघाली तर घाई नको. मी स्वतः एकदा सासरच्या मूळ गावची म्हणून डबाभर माती मोठ्या भक्तिभावाने घरी आणली होती. वर्षभराने कळलं, ती बुद्रुकची होती आणि आमचं खुर्द. तुळस मात्र त्या मातीत उत्तम आली.

पाणी उतरलं की प्रत्यक्ष जाऊन बघावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचार मनात आला असणार. उन्हाळ्यात जलाशय आटला की जुन्या भिंती, चौथरे वर येतात, आणि त्या गाळपेर जमिनीत लोक पीकही घेतात. जायचं तर स्थानिक माणूस बरोबर हवा, कारण वरून सुकलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो. बोटीने जायचं तर लाइफ जॅकेट आणि स्वच्छ हवा हवी. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी मार्गावर वादळात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला होता. वडिलांना नेऊ नका. चुलतभाऊ तिथलाच आहे, त्याला सांगा. तो चौथऱ्यावर उभा राहून व्हिडिओ कॉल लावेल तेव्हा वडील ओरडून सांगतील, ‘तिथे नाही, डावीकडे सरक!’ आणि हिस्स्याची भीतीही बहुधा तिथेच उतरेल.

तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात, म्हणून इतरांसाठी थोडक्यात. गाव मराठवाड्यातलं असेल तर १९४८ पर्यंतचा कारभार हैदराबाद संस्थानाचा, जुने कागद उर्दूत असू शकतात. सांगली, भोर, औंध, सावंतवाडी अशा संस्थानी मुलखातलं असेल तर आधी संस्थान कोणतं ते ठरवा, मग दप्तर. जिल्हे फुटलेले असतात. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात, आणि रायगड १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने सापडेल. आजोबांच्या कागदावरचा सर्व्हे नंबर आजच्या उताऱ्यात मिळत नसेल तर गोंधळू नका. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि कुठल्या नंबरांचा कुठला गट झाला याचं पत्रक भूमि अभिलेखकडे असतं. जुने स्कॅन केलेले उतारे काही जिल्ह्यांपुरते ‘आपले अभिलेख’ वर मिळतात. गाव अजून जागेवर असेल तर स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. साऱ्याच्या मोजणीने कोरा ठेवलेला भाग आता कुठे भरतोय. तुमच्या घराची सनद निघाली असेल तर एक प्रत जपून ठेवा, नातवंडांना माझ्याकडे पत्र लिहावं लागणार नाही.

तर, शाल-श्रीफळ की नकाशा? शाल द्याच, ती लागतेच. पण नकाशाही द्या, फक्त त्यावर ठिपका नको. ठिपका म्हणजे ‘इथेच’, आणि तेवढं तुम्हाला माहीत नाही. गावठाणाच्या आत, जिथे वडिलांचं चित्र, काकांचं चित्र आणि कागद एकमेकांच्या जवळ येतात, तिथे तुटक रेषेचं एक कडं काढा. खाली बारीक अक्षरांत लिहा : गावहद्द अमुक सालच्या मोजणीवरून, आळीची मांडणी बाबांनी आणि काकांनी सांगितल्यावरून, आणि ऐकल्याची तारीख. अजून तीस वर्षांनी कोणाला शंका आली तर कुठे शंका घ्यायची ते त्याला कळलं पाहिजे. बाबांनी कोऱ्या कागदावर काढलेलं ते वेडंवाकडं चित्र शेजारीच मढवा. मला विचाराल तर दोन्हींत ते मोलाचं, आणि तसा नकाशा कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

आणि एक करा. त्याच नकाशाची मोठी, साध्या कागदावरची प्रत समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये जेवणाच्या टेबलांपासून लांब, एका बाकावर पसरून ठेवा. आत्या येतील, भावकी येईल, जुन्या शेजारपाजारचे येतील. शेजारी पाच-सहा शिसपेन्सिली ठेवा. पेनं नकोत, आणि खोडरबर तर अजिबात नको. आत्या घर एकीकडे दाखवतील आणि काका दुसरीकडे, दोन्ही खुणा राहू द्या. चुलतभावाला त्या बाकाशी उभं करा, कोण काय म्हणालं ते लिहून घ्यायला.